धामणीचे तीन दांडे

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले तेव्हा गावात माझ्यासाठी एक शब्द तयारच होता. टाकलेली. पाणवठ्यावर बायका तो हळू आवाजात बोलायच्या आणि मी जवळ गेले की खाली बघून भांडी घासायला लागायच्या. आठ दिवस मी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी कळशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला कुनी टाकलं न्हाई. त्यानं हात उचलला म्हनून मी त्याला टाकून आले. बोलायचंच तर नीट बोला." शब्द काही गावातून गेला नाही, पण माझ्या कानावर यायचा थांबला. मला तेवढं पुरे होतं. तेव्हा मी विशीच्या जरा पुढे असेन.

आमचा पाडा अकोले तालुक्यात, डोंगराच्या अगदी पोटाला. राजूरच्या बाजाराला निघायचं तर झुंजूमुंजूला निघावं लागे. त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. खाली देशावर माणसं पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करत होती. आमच्याकडे डोंगर होता, ओढ्यात थोडं पाणी होतं, पण वरई जागच्या जागी करपली होती. पाड्यातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी आणि आईही जात होतो. बा घरी होता, कारण थंडीत हिरडे काढताना तो झाडावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. वैदूनं ओढून बसवला, पण हात खांद्याच्या वर जाईना.

बा कमठे करायचा. तीरकमठ्यातला कमठा. आमच्या भागातल्या बऱ्याच पाड्यांवर त्याच्या हातचे कमठे होते. नाचणी-वरई कणसात आली की रात्रंदिवस राखण असे, डुकरांची आणि वानरांची. वानरांसाठी बोथट लाकडी बोंडाचे तीर, डुकरांसाठी लोखंडी पात्याचे. बंदूक आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. ज्याच्या घरात कमठा नाही त्याचं रान डुकरांचं, असा साधा हिशेब होता. आणि आम्हा ठाकरांतल्या प्रत्येक पुरुषाला कमठा वापरता येई, पण करता येणारे थोडे. त्यातला बा एक.

बाईनं कमठ्याला हात लावायचा नाही, हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. हात लागला तर तीर वाकडा जातो म्हणे. मी एकदा आईला विचारलं होतं, की झाडून काढताना तूच तर तो उचलून बाजूला ठेवतेस, मग कसा वाकडा जात नाही? आईनं मला केरसुणी दाखवली होती.

माघ लागला तसा बा अस्वस्थ झाला. दारात बसून डोंगराकडे बघत राही. कमठ्याचं लाकूड तोडायचे दिवस हेच. पानं गळालेली असतात, झाडाचा रस खाली गेलेला असतो. नंतर पालवी फुटली की लाकूड ओलं होतं, वाळताना चिरतं, किडतं. हे दिवस गेले की वर्ष गेलं.

"कुनाला धाडशील?" आईनं विचारलं.

"कुनाला धाडू? समदे खडी फोडाया गेल्यात. आन त्यांना कळतंय काय? उचलून आनतील काईबी."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "मी जाते."

बानं माझ्याकडे बघितलंच नाही. आई म्हणाली, "तू गप बस."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. कोयता घेतला आणि डोंगर चढले. बा कुठून लाकूड आणतो ते मला ठाऊक होतं. कड्याखाली एक घळ आहे, तिच्या उत्तरेच्या अंगाला. लाकूड धामणीचं लागतं हेही ठाऊक होतं. सापाचं नाव तेच आणि झाडाचं नाव तेच. लहानपणी मी धामणीची काळी आंबट फळं ओंजळ भरभरून खाल्ली होती, तेव्हा वाटलं, हे झाड मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. पण ती फळं पावसाळ्याच्या तोंडची. माघात वर गेले तर सगळा डोंगर उघडा. पान नाही, फळ नाही, एकसारखी करडी खोडं. तासभर हिंडले. शेवटी एक सरळ, मनगटाएवढं झाड दिसलं. साल राखाडी. तोडलं आणि खांद्यावर घेऊन खाली आले.

बानं नुसतं लांबून बघितलं आणि म्हणाला, "बोंडारा."

"धामन हाय."

"इकडं आन." त्यानं डाव्या हातानं नखानं साल काढली. तिचा पापुद्रा निघाला. तो माझ्यापुढे धरला. "ही साल पापुद्र्यानं सुटती. धामनीची अशी सुटत न्हाई, तिचा वाख निघतो वाख. दोर वळता येतो. आन हे लाकूड मुसळाला बरं. वाकीव बघू."

मी टोक दगडात अडकवलं आणि वाकवलं. थोडं वाकलं आणि काडकन मोडलं. आई चुलीशी होती, तिनं मोडलेले तुकडे उचलले आणि जळणात ठेवले. मला वाटलं बा आता हसेल. हसला असता तर मी कदाचित तिथंच थांबले असते. तो हसला नाही. पापुद्रा बोटांत चुरत म्हणाला, "पान बघून कुनीबी झाड वळखतं. पान नसताना वळखाया पायजे."

"मग शिकीव."

"तू बाईमानूस."

"बा, तुझा हात वर जात न्हाई. तुला पोरगा न्हाई. मी हाय. शिकवायचं तर मला शिकीव, न्हाईतर तुझ्यासंगं समदं मातीत जाऊ दे. माझं काय, मी खडी फोडीन."

आई "अगं" म्हणून ओरडली. बापाच्या मरणाचं तोंडावर बोलले होते. पण मी शब्द मागे घेतला नाही. बा उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. मी भांडी आपटत घासली. संध्याकाळी जेवताना तो एवढंच म्हणाला, "उद्या चांगलं चावऱ्या दाताचं काम हाय. राखुंडीनं दात घास."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण चेष्टा नव्हती.

सकाळी तो माझ्याबरोबर निघाला. घळीपर्यंत त्याला चढवणार नव्हतं, म्हणून खाली एका मोठ्या धोंड्यावर बसला. मी वर जायचं, झाडाला कोयत्याचा टिचका मारायचा, सालीचा बोटभर तुकडा काढायचा आणि खाली आणून त्याला द्यायचा. तो आधी मलाच चावायला लावी.

"कशी लागती?"

"तुरट."

"मग ऐन हाय. थुकून टाक. दुसरी आन."

दुसरी कडू. तिसरी नुसती कोरडी लाकडासारखी. किती वेळा त्या चढावर खालीवर केलं असेल. गुडघे भरून आले. तो धोंड्यावर बसून पान लावत होता आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते. मग एक साल चावली आणि ती तोंडात बुळबुळीत झाली, भेंडीसारखी. मी काही बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "हां. ही."

त्यानं तो तुकडा माझ्या बोटांत चोळायला लावला. आतून तार सुटली. वास घ्यायला लावला. मग म्हणाला, आता डोळे मीट आणि खोड हातानं चाचप, डोळ्याला फसवता येतं, हाताला येत नाही. मी वर जाऊन डोळे मिटून त्या झाडाला हात लावला. खालून बा ओरडत होता, "बोट फिरीव, वर, वर, भेगा उभ्या हायत का आडव्या?" कुणी बघितलं असतं तर बाप-लेकीला वेड लागलं म्हणाला असता.

चार दिवस आम्ही तेवढंच केलं. तोडलं काहीच नाही. धामण ओळखता आली म्हणजे कमठ्याचं लाकूड ओळखता आलं असं नव्हतं. उन्हातलं झाड नको, त्याला फांद्या फार, फांदी तिथं गाठ, गाठ तिथं मोड. सावलीतलं, उजेडासाठी सरळ वर धावलेलं झाड हवं. मऊ मातीतलं नको, ते भसाभसा वाढतं. खडकात उपाशी वाढलेलं हवं. पीळ पडलेला नको. हे सालीवरच्या रेघांवरून कळतं. रेघा खोडाभोवती फिरत वर गेल्या असतील तर सोडून द्यायचं, कितीही सरळ दिसो. आणि सगळ्यांत चांगले म्हणजे जुन्या खुंटाला आलेले फुटवे. त्या घळीत बानं आणि त्याच्या बापानं तोडलेले खुंट होते. प्रत्येकाला हाताएवढे, मनगटाएवढे फुटवे आलेले. तेव्हा मला कळलं की बा जंगलात लाकूड शोधायला जातच नव्हता. त्याची ती पेरणीच होती.

पाचव्या दिवशी त्यानं सांगितलं, आज तोड. मी तीन फुटवे निवडले. प्रत्येकाला हात लावून तो विचारेल ते खाली ओरडून सांगितलं. एक त्यानं नाकारला, मी दुसरा निवडला. खुंटाच्या जरा वर, तिरका घाव घालायचा, म्हणजे पाणी साचत नाही. घाव कोयत्याच्या दोन-तीन मारांतच व्हायला हवा. चिंधड्या उडाल्या तर खुंट कुजतो. तोडल्यावर वर ओली माती थापायची. एका खुंटाचे सगळे फुटवे कधीच घ्यायचे नाहीत. तीन दांडे, माझ्या कपाळाला लागतील एवढ्या उंचीचे. डोक्यावर चुंबळ ठेवून ते घेतले आणि खाली आले. बा पुढे निघून गेला होता, त्याला सावकाश चालावं लागे.

ओढ्याच्या वळणावर फॉरेस्टचा गार्ड उभा होता. नवीन आलेला, देशावरचा. सायकल काठावर आडवी पाडून बिडी ओढत होता.

"काय गं, काय आहे डोक्यावर?"

"दिसतंय की. लाकूड."

"कसलं?"

"धामनीचं."

"कुणाला विचारून तोडलं?"

"माझ्या बाला."

त्याला ते उद्धट वाटलं. खरं तर मी खरं तेच सांगितलं होतं. त्यानं दांडे खाली उतरवायला लावले, माझ्या कमरेचा कोयता काढून घेतला आणि सगळं सायकलला बांधलं. "सरपण नेलं असतं तर सोडलं असतं. हे हिरवं तोडलंयस. उद्या चौकीवर यायचं, कागदावर अंगठा द्यायचा, मग कोयता मिळेल. लाकूड जप्त."

मी सायकलचं हँडल धरलं. त्यानं झटकलं. मी परत धरलं. शेवटी तो म्हणाला, "बापाला आत टाकू का?" तेव्हा मी हात सोडला. आजही ते आठवलं की हात शिवशिवतात.

घरी चुलता येऊन बसला होता. बाचा थोरला भाऊ, पाड्याच्या देवाचं सगळं तोच करी. त्याला सगळं आधीच कळलं होतं. "बाईमानूस कमठ्याच्या लाकडाला शिवली. आता भोगा," तो म्हणाला. आई म्हणाली, "लाकूड जाऊ दे बाई. कोयता तेवढा घेऊन ये. अंगठा दे आन मोकळी हो."

"मी चौथी शिकले," मी म्हटलं. "अंगठा कशाला देऊ?"

 सकाळी मी निघाले तेव्हा बाही काठी टेकत मागे आला.

चौकीपुढे जीप उभी होती. रेंजचे साहेब आले होते. शेजारच्या डोंगरावर कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या, सरकारी परवान्यानं, ठेकेदाराच्या. त्यांची पाहणी करायला ते आले असावेत. साहेब ओट्यावर खुर्ची टाकून चहा पीत होते. गार्डनं माझ्यापुढे कागद ठेवला आणि शाईची डबी उघडली. मी कागद उचलून वाचायला लागले. त्याला वाटलं नुसतीच बघतेय.

कागदावर लिहिलं होतं की अमुक ठिकाणी सदर बाई चोरून हिरवी झाडे तोडून विक्रीसाठी नेत असताना आढळली.

"हे खोटं हाय," मी म्हटलं.

"काय?"

"चोरून न्हाई. दिवसाढवळ्या तोडलं. इकायला न्हाई. आन झाडं न्हाई, फुटवे. झाड अजून जितं हाय. खोट्यावर मी सही करनार न्हाई."

साहेबांनी कप खाली ठेवला. "वाचता येतं तुला?"

"लिवता बी येतं."

गार्ड म्हणाला, "साहेब, ही लोकं अशीच. जंगल साफ केलं ह्यांनी."

मी हात पुढे केला. साहेबांनी, का कोण जाणे, खिशातलं पेन काढून दिलं. त्या कागदाच्या तळाशी मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, बऱ्याच वर्षांत हातात पेन नव्हतं. लिहिलं ते असं: मी चोरी केली नाही. धामणीचे तीन फुटवे कमठ्यासाठी कापले. खुंट जिवंत आहेत. येऊन बघावे. आणि खाली माझं नाव. नवऱ्याचं नाव मधे घातलं नाही, बाचं घातलं.

साहेबांनी वाचलं. मग गार्डला म्हणाले, "लाकूड आण."

गार्ड आत गेला आणि दोन दांडे घेऊन आला.

"तीन हुते," मी म्हटलं.

"दोनच होते."

मी इकडेतिकडे बघितलं. भिंतीला त्याची सायकल टेकली होती आणि सायकलजवळ एक नवी कोरी काठी. कमरेच्या जरा वर येईल एवढी, साल सोललेली, अजून ओलसर. मी जाऊन ती उचलली. सालीचा जो पट्टा मुठीसाठी ठेवला होता त्याचा तुकडा नखानं काढला, चावला आणि साहेबांपुढे धरला. "चावून बघा. बुळबुळीत लागली तर माझी. न्हाईतर ह्यांची."

साहेबांनी चावली नाही. पण गार्डकडे बघितलं आणि गार्डचं तोंड उतरलं. रात्रीत त्यानं माझ्या दांड्याची काठी केली होती.

"आता बघाया चला," मी म्हटलं. मागून बा म्हणाला, "पोरी, पुरे." पण मला पुरे नव्हतं. "त्यांनी लिवलंय झाडं तोडली. मी लिवलंय खुंट जिते हायत. कोन खरं ते चालून बघा."

साहेब पायात बूट घालून खरंच आले. मला अजूनही त्याचं नवल वाटतं. घळीपर्यंत धापा टाकत चढले. मी एकेक खुंट दाखवला. हा माझ्या आज्यानं तोडलेला, हा बानं, हे माझे कालचे, वर माती आहे ती बघा. ते खाली बसले, मातीचा गोळा काढून घाव बघितला आणि परत लावला. त्यांना लावता आला नाही नीट, मी लावला. मग मी त्यांना तिथूनच समोरचा डोंगर दाखवला. त्यांनी तो जीपमधून बघितला असेल, पण घळीतून बघितला नसेल. उभाच्या उभा सोललेला. ठेकेदाराची माणसं कोळशासाठी खुंटसुद्धा खणून काढत होती. धूर निघत होता.

"तिथं कुनाची सही हाय, सायेब?" मी विचारलं.

ते म्हणाले, "तो परवाना आहे."

"आमचे खुंट त्यांच्या परवान्यापेक्षा जुने हायत."

ते उतरायला लागले. मधे थांबून म्हणाले, "बाई, लाकूड आणि कोयता घेऊन जा. पण नियम तो नियम. पुन्हा तोडू नका." सकाळपासून 'तू' म्हणत होते, आता 'तुम्ही' झालं होतं. मला ते कळलं, तरी मी म्हटलं, "पुढल्या माघात परत येनार. तुमाला आत्ताच सांगते. मागनं चोरी म्हनू नका."

 कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. तो पुढे कुठे गेला, फाडला की फायलीत लागला, मला कधीच कळलं नाही. समोरच्या भट्ट्याही बंद झाल्या नाहीत. पावसाळ्यापर्यंत तो डोंगर संपला.

घरी आल्यावर दोन्ही दांडे बानं चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर ठेवले, धुरात. टोकांना शेण लिंपलं म्हणजे चिरत नाहीत. तिसरा, काठी झालेला, मी कोयत्याच्या मुठीला वापरला. रोज संध्याकाळी बा दांडे फिरवून ठेवी. चुलता अधूनमधून येई आणि बोले, "बाईच्या हातचा कमठा कोन धरंल?" एक दिवस बा वैतागून म्हणाला, "मग तू कर." त्यानंतर चुलता आमच्याकडे बरेच दिवस आला नाही.

जेठात वाकस, लाकूड तासायचं हत्यार, हातात घेतला. सालीखालचा थर अजिबात छेडायचा नाही, तो कमठ्याची पाठ. तासायचं ते पोटाकडून, दोन्ही टोकांना निमुळतं. बा सांगायचा आणि मी तासायचे. त्याचं सांगणं मला हळू वाटे. दोन दिवसांत मी पहिला कमठा जवळजवळ उरकला. बा म्हणाला, "डावं टोक पातळ हुतंय, ऱ्हाऊ दे." मला तसं वाटलं नाही. मी अजून दोन हात मारले. दोरी चढवली, ओढला, आणि तो डाव्या अंगाला मोडला. एक चिरफळी माझ्या दंडात घुसली. मी वाकस भिरकावला. त्या दिवशी मी खूप रडले. दुखत होतं म्हणून नव्हे. चुलत्याला कळेल म्हणून. कळलंच. पाड्यात सांज व्हायच्या आत सगळ्यांना कळलं.

"वाकस उचलून आन," बा म्हणाला. "दगडावर पडला असंल तर धार लावावी लागंल."

दुसऱ्या दांड्याला मी बारा-तेरा दिवस घेतले. शेवटी वाकस ठेवून दिला आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडलं. थोडं खरवडायचं, खुंटीला टांगून दोरी ओढायची, बाला लांब उभं करायचं. दोन्ही टोकं सारखी वाकतात का ते तो बघे आणि बोटानं दाखवी, इथं. तेवढंच तिथं खरवडायचं. मुरुडशेंगेच्या सालीचा वाख काढून दोरी वळली. करंजाचं तेल पाजलं. तयार झाला तेव्हा बानं डाव्या हातात धरला, उजव्यानं ओढायला गेला. खांदा येईना. त्यानं तो माझ्या हातात दिला. मी ओढला, कानापर्यंत. त्यानं नुसती मान हलवली आणि पान लावायला बसला.

मग त्या साली पाऊस झाला, मनसोक्त झाला. वरई अशी आली की बांध दिसेना. आणि समोरच्या डोंगरावर आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून तिथली सगळी डुकरं आमच्या रानात उतरली. पाड्यातले जुने कमठे दुष्काळात चुली-धुरात पडून पडून वाळले होते, दोन-तीन मोडले. भादव्यात एके दिवशी चुलता आला. आता तो वेगळ्या आवाजात बोलत होता.

"तो कमठा दे. भावानं केला म्हनून सांगंन मी. कुनी काई बोलनार न्हाई."

 बानं माझ्याकडे बघितलं. देऊन टाक, असं त्याच्या डोळ्यांत होतं. थोरला भाऊ होता त्याचा.

"बानं शिकीवला," मी म्हटलं. "केला मी. मी केला म्हनून सांगायचं असंल तर आत्ता घेऊन जा, काई नको मला. न्हाई सांगवत तर डबा वाजवून राखन करा."

चुलता तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेला. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्या साली चुलत्यानं खरंच पत्र्याचा डबा वाजवून राखण केली. त्याचं निम्मं रान गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, पण कमठा पाठवला नाही.

कमठा न्यायला आली ती पाड्याच्या वरच्या अंगाची एक विधवा. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी, बारीक अंगाची. नवरा गेल्यापासून रानातल्या राखणीच्या माचावर तीच बसायची. आल्या आल्या म्हणाली, "बाय, तुझा कमठा बघू."

मी दिला. तिनं ओढला. छातीपर्यंतही आला नाही. "जड हाय," ती म्हणाली. "माझ्या हाताला झेपंल असा कर."

बा आतून म्हणाला, "आता अजून खरवडला तर जोर जाईल. डुकराला लागनार न्हाई."

"तिच्या हातातनं सुटलाच न्हाई तर काय लागनार?" मी म्हटलं आणि काच हातात घेतली. तिला तिथंच बसवलं. थोडं खरवडायचे, तिला ओढायला द्यायचे, पुन्हा खरवडायचे. दोन्ही टोकांवर सारखं. सबंध सकाळ गेली. दुपारी ती उभी राहिली, डावा पाय पुढे टाकला आणि दोरी कानापाशी नेली. 

दोन दिवसांनी दिवस मावळायच्या आधी मी तिच्या रानात गेले. माचावर तिच्याशेजारी बसले. उजेड होता अजून. खालच्या बांधाला वरई हलली. एक मोठं डुक्कर आणि मागे पिलं. ती उभी राहिली, ओढला, सोडला. तीर डुकराच्या पाठीवरून गेला आणि बांधात रुतला. डुक्कर वळलं, पिलं वळली, सगळी ओढ्याकडे पळाली.

"चुकला," ती म्हणाली.

"सरळ गेला पन," मी म्हटलं. "सरळच गेला."

ती हसायला लागली. मग दोघी खाली उतरलो आणि वरईतून वाट काढत तीर काढून आणायला गेलो.